बाणाचं बटण

धाकटी आठवडाभरात मुलाकडे राहायला जाणार, ही बातमी थोरलीला दिली ती दूधवाल्याने. सख्ख्या जावा, एकाच घरात खाली एक आणि वर एक, मध्ये नुसता जिना. पण दोघींची बोलणी गेल्या उन्हाळ्यापासून बंद होती. कारण विचाराल तर गच्चीवरची कपड्यांची दोरी. उन्हाच्या बाजूला कुणाच्या चादरी, इथून सुरुवात झाली आणि एकमेकींच्या माहेराचा उद्धार करून गाडी थांबली. तेव्हापासून जे काही सांगायचं असेल ते दोघीही जिन्यातल्या मांजराला सांगत. त्या मांजराएवढी माहिती घरात कुणालाच नव्हती.

"जाईना का," थोरली दूधवाल्याला म्हणाली. "माझं काय अडलंय?" मग पातेलं शेगडीवर ठेवलं आणि शेगडी न पेटवताच दूध तापायची वाट बघत बसली.

सुट्टीला आलेल्या लेकीने ते पाहिलं. "आई, काकूला सांग ना, जाऊ नको म्हणून."

"मी सांगू? माझं नाक काय रस्त्यावर पडलंय?"

नाक शाबूत ठेवून काम साधायचं तर आडवाट धरावी लागते. थोरलीने धरली. तिचे धाकटे दीर, म्हणजे धाकटीचे यजमान, गेले त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांना व्हिडिओ कॅमेऱ्याचा भारी नाद. पोरं रांगली, छत गळलं, कुणाला गालगुंड झालं, सगळं त्यांनी कॅसेटवर धरून ठेवलेलं. त्या कॅसेटी आणि कॅमेरा थोरलीच्या ट्रंकेत होते. लेकीबरोबर आलेले जावई म्हणाले, त्यांची डीव्हीडी होईल, टीव्हीवर बघता येईल. थोरलीने मनात गणित मांडलं. भाऊजी चालताना-बोलताना दिसले की धाकटीचा पाय या घरातून निघायचा नाही. आणि आपल्याला तोंडही उघडावं लागायचं नाही.

जावई कुठल्याशा कंपनीत हिशेब तपासत, पण कॉम्प्युटरसमोर बसले की ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखा चेहरा करत. कॅमेऱ्याची वायर जोडून त्यांनी एकेक कॅसेट आत उतरवली. मग डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं.

"आई, डिस्क घातली की आधी मेनू येतो," ते म्हणाले.

"का? हॉटेल आहे का ते?"

"म्हणजे अनुक्रमणिका. त्यातून हवं ते निवडायचं. यात हलता मेनूपण आहे. पहिल्या प्रसंगाचा तुकडा चौकटीत आपोआप फिरत राहतो, मागे संगीत. बघणारा खूश!"

"करा करा. घरचं कार्य आहे, कंजुषी नको."

पहिली डिस्क वाया गेली, कारण ती लिहिली जात असताना थोरलीने मिक्सर लावला, दिवे फडफडले आणि कॉम्प्युटर बंद पडला. दुसरी वाया गेली, कारण जावयांनी घाईने ती अर्ध्यातच बाहेर काढली. जावयाला बोलायची सोय नसते. म्हणून थोरली लेकीवर ओरडली, "मेले, जरा धीर धरवत नाही का तुला?" लेकी बोले, जावई कानकोंडे. दोन्ही डिस्का पाण्याच्या माठावर झाकण म्हणून गेल्या. तिसरी लिहून होईपर्यंत थोरलीने घरात कुणाला पंखासुद्धा लावू दिला नाही. सगळे घाम पुसत बसले.

डिस्क झाली. जावयांनी ती लावून पाहिली, पण आवाज बंद ठेवून. कारण सासूबाईंचा डोळा लागला होता आणि त्यांना उठवायची छाती घरात कुणाची नव्हती. चौकटीत सासूबाई कांदा चिरताना दिसत होत्या. झकास! जावयांनी तिच्या आणखी प्रती काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक एक प्रत वर देऊन आली. थोरली दाराशी कान लावून बसली. दुपारी कुठे वर टीव्हीचा आवाज आला. थोडं संगीत वाजलं, आणि छतातून एका बाईचा खणखणीत आवाज आला:

"धाकटीसारखी कामचुकार बाई मी जन्मात पाहिली नाही!"

पुन्हा संगीत. पुन्हा, "धाकटीसारखी कामचुकार बाई मी जन्मात पाहिली नाही!"

"कोण गं ही भवानी?" थोरलीने विचारलं.

"आई, तूच आहेस," लेक म्हणाली.

थोरलीने चौथ्यांदा ऐकलं तेव्हा खात्री पटली. असा आवाज दुसऱ्या कुणाला देवाने दिलाच नव्हता.

"जावईबापू!" तिने हाक मारली, आणि मग स्वतःला सावरून लेकीकडे वळली. "अगं, तुझ्या नवऱ्याला विचार, मी त्यांचं काय घोडं मारलंय?"

जावयांनी धावत कॉम्प्युटर उघडला. भाऊजी एकदा कॅमेरा चालूच ठेवून फ्रिजवर विसरले होते, आणि खाली थोरली शेजारणीशी बोलत बसली होती. सॉफ्टवेअरने मेनूसाठी नेमका तोच तुकडा तोडला होता.

"हा नुसता मेनू आहे, आई. रिमोटवर बाणाचं बटण दाबलं की पुढचं सगळं दिसतं. काकूंना वाटत असेल, एवढंच आहे."

"मग पुढे काय आहे?"

जावयांनी बाण दाबला. पडद्यावरच्या थोरलीने चिरलेला कांदा बाजूला सारला आणि बोलू लागली. "असं मी सासूबाईंना सांगायचे, ती नवी नवी आली तेव्हा. आता माझेच शब्द मला गिळायची पाळी आलीय बघ. मी तापाने पडले तर माझं अंथरूण-पांघरूण, माझी पोरं, सगळं तिने केलं, आणि कपाळाला आठी नाही. ती या घरात नसती ना, तर मी भिंतींशी बोलत बसले असते. पण तिला सांगू नको हो. डोक्यावर चढून बसेल."

जावयांचा जीव भांड्यात पडला. "हे तर फारच छान आहे!"

"छान?" थोरली कडाडली. "हे तर त्याहून वाईट आहे!"

आता पंचाईत बघा. बटण दाबलं नाही तर धाकटी अपमान घेऊन जाणार, ती कायमची. दाबलं तर थोरलीचं जन्मभर ताठ ठेवलेलं नाक भर दुपारी कापलं जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि वरून तोच आवाज.

तिने लेकीला वर पिटाळलं. "सांग, डिस्क खराब निघाली, परत दे म्हणावं."

लेक हात हलवत खाली आली. "काकू म्हणते, खराब कुठंय? तुझ्या आईचा आवाज अगदी स्वच्छ येतोय म्हणे. मी पुढचं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, तू मध्ये पडू नकोस."

पाठोपाठ वर आवाज वाढला. मांजर जिना सोडून पळालं.

मग थोरलीने शेवटचं शस्त्र काढलं. जिन्याखालच्या पेटीतला वरच्या मजल्याचा मेन स्विच तिने खाली ओढला. घर गपगार झालं. तिने पदराने मान पुसली. पण वरचा फ्रिज किती वेळ बंद ठेवणार? दूध नासलं तर ते पाप कुणाच्या माथी? तिने स्विच वर केला. वीज आली, डीव्हीडी प्लेअर आपणहून जागा झाला, संगीत वाजलं.

"धाकटीसारखी कामचुकार बाई..."

"बघ तरी," थोरली लेकीला म्हणाली, "निर्जीव वस्तू, पण किती चोंबडी!"

आणि ती जिना चढू लागली. गुडघे कुरकुरले, त्यांनाही तिने झापलं.

धाकटीचं दार उघडंच होतं. खोलीभर दोऱ्यांनी बांधलेली खोकी. एका खोक्यावर धाकटी बसली होती, हातात रिमोट.

"या ताई. तुमचंच चाललंय."

थोरली टीव्हीकडे न बघता खिडकीकडे बघत म्हणाली, "तो बाण दाब."

"कसला बाण?"

"रिमोटवरचा. पुढे आहे अजून."

"पुढे काय आहे? आणखी शिव्या?"

"दाब म्हणते ना!"

"तुम्हीच सांगा की. चढून आलाच आहात."

भिंतीवरच्या पालीला सांगावं तसं थोरली म्हणाली, "शब्द गिळले मी ते. कधीच गिळले. जाऊ नकोस. खाली बोलायला माणूस नाही."

धाकटी उठली. "बसा. चहा टाकते. पातेलं सकाळीच खोक्यातून परत काढलंय."

"सकाळीच? डिस्क यायच्या आधी?"

"छे. बघून झाल्यावर. मी तर आल्या आल्या, आवाज बारीक ठेवून, बाण दाबला. यांना बघितलं, तुम्हाला ऐकलं, पोटभर रडले. मग पुन्हा मागे नेऊन तेवढंच लावून ठेवलं. म्हटलं बघू, ताईंचे गुडघे कितपत तग धरतात."

"सटवी आहेस."

"पण कामचुकार नाही, हो ना?"

थोरलीने चहाचा घोट घेतला. साखर कमी होती. पण ती बोलली नाही, यावरून काय ते ओळखा. "दोरीची उन्हाची बाजू मात्र माझी," ती एवढंच म्हणाली.

"एक दिवसाआड," धाकटी म्हणाली.

तेवढ्यात खालून लेक फोन घेऊन धावत आली. "आई, आत्याचा फोन. फार चिडलीय."

"आत्या? तिला काय झालं?"

लेकीने मान खाली घातली. "अगं, यांनी प्रती काढल्या होत्या ना? सगळ्या नातेवाइकांना कालच कुरिअरने पाठवूनही टाकल्या. तुला खूश करायला."

फोनमधून नणंदेचा आवाज धाकटीलाही ऐकू येत होता. "वहिनी, शोभतं का हे? त्या गरीब गायीला कामचुकार म्हणता, तेही संगीत लावून?"

थोरलीने डोळे मिटले. धाकटीने कप खाली ठेवला, खोक्यावर पाय वर घेऊन मांडी घातली आणि कान टवकारले.

"वन्सं," थोरली म्हणाली, "रिमोट घ्या. त्यावर बाणाचं बटण आहे. ते दाबा आणि नीट ऐका. आणि ऐकून झालं की मला परत फोन करायचा नाही."

तिने फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. या वेळी विहीणबाई होत्या.