शिष्यवृत्तीपुरतं भांडण

लग्न झाल्याचं शिष्यवृत्ती कार्यालयाला स्वखुशीने कळवणारी ती पहिलीच विद्यार्थिनी होती. गोगलगायींवरची तिची पीएचडी शेवटच्या वर्षात होती. शिष्यवृत्ती थांबली असती तर गोगलगायींसकट सगळंच थांबलं असतं. पण नियमात 'बदल कळवावा' असं लिहिलेलं, म्हणून बिचारी आपल्या पायांनी चालत गेली.

"नवरा काय करतो?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"केस कापतो. स्वतःची खुर्ची आहे."

बाईंचं पेन थांबलं. "खुर्ची वर-खाली होते?"

"होते की. पायाने दाबलं की होते."

"म्हणजे चल मालमत्ता. लग्नामुळे ती तुमचीही झाली. तुम्ही आता सधन आहात."

आपण सधन आहोत हे ऐकून नवऱ्याला आधी आनंदच झाला. मग भानगड कळली आणि दुसऱ्या दिवशी दोघंही खिडकीपाशी हजर झाले.

"मी खुर्ची विकून टाकतो," तो म्हणाला.

"मग हातात रोख रक्कम येईल. ते तर आणखी वाईट."

"पण ती लग्नाआधीची आहे हो."

"म्हणजे यांनी खुर्ची बघूनच तुम्हाला पसंत केलं."

दोघांची ओळख त्या खुर्चीतच तर झाली होती.

बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी हळूच एक कलम दाखवलं: पती-पत्नीचं पटत नसल्यास पतीची मालमत्ता धरू नये. "मात्र बेबनाव खरा हवा," त्या म्हणाल्या. "तपासणीला साहेब येतात."

साहेब आले. पुढे दुकान आणि मागे घर, एवढाच संसार. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ते वादग्रस्त मालमत्तेतच बसले आणि म्हणाले, "करा सुरुवात."

नवऱ्याने घसा खाकरला. "तू... तू फार अभ्यास करतेस."

तिला हसू फुटलं. मग त्यालाही फुटलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो, भांडण असं असतं का? मी तीस वर्षं संसार करतोय. आधी जुनं काहीतरी उकरून काढायचं. मग माहेरावर घसरायचं. आणि बाई, तुम्ही 'माझंच चुकलं' म्हणायचं, पण असं, की चूक त्यांची आहे हे शेजाऱ्यांनाही कळावं."

तिने म्हणून बघितलं. पहिल्याच झटक्यात नवऱ्याचा चेहरा पडला. त्याने तिच्या वडिलांच्या घोरण्याचा विषय काढला. तिने, त्याला गोगलगायींची किळस येते, हे काढलं. मग मात्र कुणाला काही शिकवावं लागलं नाही. मधल्या वेळात साहेबांनी केसही कापून घेतले आणि शेरा मारला: 'भांडण समाधानकारक. शिष्यवृत्ती चालू ठेवावी.'

ते जाताच दोघं पोट धरून हसले. तिला इतकं हलकं लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या मावशी भांडण सोडवायला धावत आल्या. सगळा प्रकार ऐकून त्या मटकन खाली बसल्या. "आमचं इतकी वर्षं चाललंय गं," त्या कळवळून म्हणाल्या, "आणि आम्ही कधी अर्जच केला नाही."

तेव्हापासून त्या इमारतीत कुणाच्या घरी आवाज चढला, तर मध्ये पडायला कोणी जात नाही. कुठल्या योजनेत बसवलंय, एवढंच दारातून विचारतात.

काल तुमच्याकडूनही बराच आवाज येत होता म्हणे. अर्ज केलाय ना, की नुसतेच फुकट भांडताय?