आधी शेवट, मग पिक्चर

"खून धाकट्या दिरान केल्यान. आता निवांत बघा."

नव्या कोऱ्या रहस्यपटाच्या समीक्षेतलं कैतान सरांचं हे पहिलं वाक्य. पिक्चर त्याच दिवशी सकाळी लागलेला. मोबाईलवरून आमचा कार्यक्रम थेट चालू होता. मी दोन्ही हातांनी डोकं धरलं. शेजारी बसलेली शालनमावशी खुर्चीतून उठलीच.

"सर! माझी आयतवारची तिकिटां काढलेली आसत!"

"मगे बरां झाला. आता भिया नको," सर म्हणाले.

मालवणच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता तिथेच तीन खुर्च्या मांडून आम्ही 'शुक्रवारचो पडदो' करतो. शालनमावशी मासळी विकून, हात लिंबानं धुऊन येते. ती नटसुद्धा मासळीसारखेच पारखते. "ह्याचे डोळे बघ. बरफातलो आसा," असं ती म्हणाली की त्या हिरोचं काही खरं नाही.

कैतान सरांनी मला शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यापासून दर शुक्रवारी ते सकाळच्या एसटीने कुडाळला जातात, पहिला खेळ बघतात आणि तिथून तडक माझ्या दुकानात येतात. माणूस जाणकार. कॅमेरा कुठे ठेवायला हवा होता, गाणं एका कडव्यातच का थांबायला हवं होतं, सगळं समजावून सांगणार. पण शेवट सांगून झाल्यावर.

मी वाद घालून बघितला. "सर, लोकांची मजा जाता."

"कसली मजा? कोण मरतलो ह्या घोरात तुमी पिक्चर बघणतच नाय. पडद्यार आई झिलाच्या शर्टाचा बटण लावता, ता तुमका दिसणा नाय. दशावतारात राक्षस मरतलो ता सगळ्यांका म्हाईत आसता. म्हणान कोण उठान गेलो?"

यावरची उत्तरं प्रेक्षकांना भरपूर सुचायची. ते कार्यक्रमाखाली काय काय लिहायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकाने तर ह्या म्हाताऱ्याला होडीत घालून सोडून या, असं सुचवलं होतं. सरांनी ते चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "होडी शब्द चुकीचो लिवल्यान."

मागच्या शुक्रवारी मात्र कहर झाला. एक कौटुंबिक पिक्चर लागला होता. पोस्टरवर सगळं घर हसत उभं, सहकुटुंब बघा म्हणून जाहिरात. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शेवटाक झिल घराक येणा नाय."

मुलगा परतत नाही, एवढंच; नेहमीचं 'आता निवांत बघा' आलंच नाही. कॅमेरा नाही, गाणी नाहीत. सर छत्री उचलून निघून गेले. थेट कार्यक्रमात रिकामी खुर्ची! आम्ही दोघं आ वासून बसलो. अर्धे प्रेक्षक तिथल्या तिथे निघून गेले.

"सरांका तरी ठेव, नायतर माका तरी," शालनमावशी म्हणाली आणि टोपली घेऊन चालती झाली.

शनिवारी सकाळी मी सरांच्या घरी गेलो. ज्यांनी मला नकाशा वाचायला शिकवला त्यांना 'येऊ नका' म्हणायचं होतं. मी उकाड्यावर बोललो, आंब्यावर बोललो, खाडीला भरती किती आली तेही बोललो.

"बाबू, फिरव नको," सर म्हणाले. "आधी शेवट सांग."

"सर, येत्या शुक्रवारपासून तुमी येव नको."

सरांनी मान हलवली. "बरां केलंस. लगेच सांगितलंस. मी नऊ दिस लावलंय."

मला काही कळेना. सर भिंतीवरच्या मुलाच्या फोटोकडे बघत होते. त्यांचा मुलगा मेल्विन जहाजावर नोकरीला होता आणि तिकडेच वारला, एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही तेवढंच माहीत होतं.

"कंपनीचो फोन माझ्या मोबाईलार इलो," सर म्हणाले. "नाताळाक येवचो होतो तो. ही नेवऱ्यो तळी होती. त्याच्या खोलयेक रंग काढून घेतल्यान. रोज विचारी, मेल्विनचो फोन इलो? मी म्हणी, येतलो. आज सांगतंय, फाल्यां सांगतंय, करता करता नऊ दिस गेले."

सरांची बायको रोझीबाय चहाचे कप घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"ह्यांका शेवट म्हाईत होतो, बाबू," ती म्हणाली. "आणि माका नऊ दिस हसूक दिल्यानी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी हादरून गेलो. इतकी वर्षं आम्ही ह्या माणसाला खोडसाळ म्हणत होतो.

रोझीबायनं कप माझ्या हातात दिला. "आता शुक्रवारी घरात पाय ठेवच्या आधी खळ्यातसून वरडतत, कोण मेलो, कोण जगलो. शेजारी भायर येतत. मगे आयतवारी आमी दोघां जातंव. मी निवांत बघतंय."

मी कप खाली ठेवला. शालनमावशीची समजूत काढायला मला आठवडा होता, आणि तिलाही आधी ही नऊ दिवसांची गोष्टच सांगायची होती.

"सर, शेवट बदललो. शुक्रवारी पाच वाजता येवा."

सरांनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला. "पिक्चरात शेवटाक असो एकदम बदल दाखवल्यानी तर मी पाचातलो अर्दो तारो कापतंय," ते म्हणाले.

रोझीबायनं माझ्याकडे नाही, सरांकडे बघितलं. "खरां मां?"

"खरां."

मगच ती हसली.