करवंदा घाटाच्या अकरा वळणांची बखर

दोन चाकांस नमन, त्यांस बांधून ठेवणाऱ्या साखळीस नमन, आणि चढावर न रुसणाऱ्या गुडघ्यांस त्रिवार नमन करोन ही हकीकत लिहिली ऐसीजे. लेकुरांनो, आधी डोळे मिटा आणि मजबरोबर एक राज्य मनात आणा. राज्य फार मोठे नव्हे. तीन खोल्या, एक सज्जा, सज्ज्यात दोन सायकली, एक उंच आणि एक बुटकी. राज्याचे नाव पुसू नका, तुमच्या घरासारखेच समजा. आले मनात? आता थोडी थंडी पाडा, म्हणजे शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिक मास उतरणीस लागला आणि फराळाचे डबे तळास गेले, तो समय होईल.

त्या राज्यात माणसे तीन. वडील निरंजनराव, त्यांच्या पत्नी वृंदाबाईसाहेब, आणि कन्या शाल्मलीबाई, वय वर्षे नऊ. निरंजनरावांची चाकरी ऐसी की साखर कारखान्यांवर उसाच्या गाड्या तोलणारे मोठे काटे असतात, ते बिघडले की जाऊन नीट करावे. पावसाळाभर काटे गप्प असत आणि राव घरी असत. परंतु थंडी पडो लागली की ऊस तोडीस येई, धुराडी पेटत, आणि मग चहू मुलुखांचे काटे जणू मसलत करोन एकदमच रुसत. मग रावांनी सोमवारी पिशवी खांद्यास लावून कूच करावे, शनिवारी परतावे, आणि पायातला बूट निघतो न निघतो तो दुसऱ्या कारखान्याचा खलिता फोनवर येऊन बसलेला असावा.

आता त्या मुलुखी करवंदा नामे घाट आहे, आणि रथसप्तमीस तेथे जोडीची दौड होते. एक लेकरू आणि त्याची आई किंवा बाप, यांनी आपापल्या सायकलीवर घाट चढावा. वळणे अकरा. कायदा एकच, की दोहोंपैकी कोणाचाही पाय भुईस टेकला तर दोघांची दौड संपली, आणि दोघांनी मागोन येणाऱ्या टेम्पोत बसावे. गतवर्षी सातव्या वळणावर निरंजनरावांचा पाय टेकला. शाल्मलीबाईंच्या अंगी अजून बळ होते, परंतु कायद्यापुढे इलाज नाही, म्हणोन त्या केळ्यांच्या घडांशेजारी टेम्पोत बसोन वर गेल्या आणि वाटेत चकार शब्द बोलल्या नाहीत. लेकरू रडले तर समजूत घालता येते, ते गप्प बसले म्हणजे बापास कोठे पाहावे तेच कळत नाही. आणि दहा वर्षे पुरी झालेल्या लेकरास ही दौड बंद, म्हणोन यंदाची सप्तमी ती शाल्मलीबाईंची शेवटची.

टेम्पोचे सारथी आप्पा गोंदकर हे खालच्या मजल्याचे संस्थानिक. ते जिन्यात भेटत आणि विचारीत, "काय निरंजनराव, यंदा कुठल्या वळणावर थांबू? आधीच सांगा, म्हणजे गाडी सावलीत लावतो." राव हसत, आणि वर येऊन पाणी पिऊन बसत. मग एके दिवशी शाल्मलीबाई पुढ्यात उभ्या राहोन बोलत्या झाल्या, "बाबा, तू हसतोस कशाला? मला नाही हसू येत." तेव्हा राव म्हणाले, "अगं, सराव करायला मी घरी असतो कुठे? आणि असतो तेव्हा अशी थंडी, की गोधडी सोडवत नाही." बाईंनी म्हटले, "मग जिथे असशील तिथे कर. मी फोनवरून घाट सांगते."

ऐसा करार जाहला. बाईंनी मोठ्या कागदावर अकरा वळणांचा नकाशा काढिला, कोठे वडाचे झाड, कोठे झरा, कोठे चढ अंगावर येतो, सर्व त्यात मांडिले. त्यांचा स्वतःचा सराव शाळेआधी, कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीच्या चढावर, वृंदाबाईसाहेब स्वेटर घालून कठड्याशी पहाऱ्यास उभ्या. आणि सायंकाळी साडेसहास रावांचा सराव. ज्या परमुलुखी कारखान्यावर वरचेवर जावे लागे, तेथील आवारात ते पहारेकरी खंडूदादांची सायकल मागोन घेत. सायकल जडशीळ, लोखंडी, घंटी सोडोन सर्व अंगांनी वाजणारी. आवार तर सपाट, मग चढ कोठोन आणावा? म्हणोन राव मागल्या कॅरिअरवर उसाची मोळी बांधीत, फोनची तार कानात घालीत, आणि बैलगाड्यांच्या रांगेला वळसे घालीत. इकडे बाई नकाशावर बोट ठेवोन हुकूम देत, "पहिलं वळण, सोपं आहे, दम राखून ठेव. आता दुसरं. आता वड आला, उभा राहून मार." आणि राव बैलांच्या देखत उभे राहोन पॅडल मारीत. खंडूदादा म्हणत, "सायेब, तुमच्या त्या घाटापायी माझी साखळी ढिली पडाया लागली." राव म्हणत, "दादा, सप्तमी झाली की नवी बसवून देतो." जेथे सायकल न मिळे तेथे विश्रामगृहाचे जिने चढावे, आणि थंडीने बोटे बधिर होत तेव्हा कामाचे हातमोजे चढवावे, ऐसे करीत मार्गशीर्ष सरला आणि पौष लागला, आणि राज्यात मोठी उमेद होती.

मग पौषातल्या एका सांजेस वृंदाबाईसाहेब मटार सोलीत बसल्या होत्या आणि शेजारी फोन चालू होता. पाचवे वळण झाले, सहावे लागले, आणि तिकडोन हाक आली, "सायेब, काटा अडकला, गाड्या तुंबल्या!" राव धावले, फोन बंद जाहला. तेव्हा वृंदाबाईसाहेब शेंगेतला दाणा तोंडात टाकोन बोलल्या, "शाल्मली, एक विचारू? हे रोजचं ऐकते मी. सातव्याचं नाव काही माझ्या कानावर येत नाही."

शाल्मलीबाईंनी नकाशाकडे पाहिले. आणि पाहतात तो, पहिली सहा वळणे बोट फिरोन फिरोन काळवंडली होती, आणि सातव्यापासोन अकराव्यापर्यंत रेघा सोडोन कागद जैसा दुकानातोन आणिला तैसा पांढरा. काय जाहले होते, तर रोज आरंभ पहिल्यापासोन, आणि रोज सहाव्याच्या आसपास कोठला तरी काटा अडे, किंवा कोणी तरी हाक मारी, आणि दुसरे दिवशी पुनः पहिल्यापासोन. लेकुरांनो, हसू नका. तुम्ही सतराचा पाढा सतरा एके सतरापासोन धडधडा म्हणता, आणि सतरा सत्तेपाशी येऊन छताकडे पाहता, ते काय निराळे आहे? मी पुष्कळ वर्षे शिकविले, आणि चुकले की पुनः पहिल्यापासोन म्हण, ऐसे मीच सांगत आलो. त्यात लेकरांचा दोष थोडा आणि माझा अधिक.

बाईंचे डोळे भरले. दुसरे दिवशी फोन लागताच त्या बोलल्या, "बाबा, आपण दीड महिना फुकट घालवला. आपल्याला सातवं येतच नाही. आपण परत तिथेच पडणार." तिकडे राव मोळी बांधीत होते, ते थांबले. "फुकट कसा?" ते म्हणाले. "सहा तर पाठ झाली ना?" बाई म्हणाल्या, "सहा मला नकोच आहेत! सहा मागच्या वर्षीही आली होती." फोनातोन बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. बाई नाक पुसोन म्हणाल्या, "आजपासून अकरावं आधी." राव म्हणाले, "अगं, ते सगळ्यात खडं! पाय तरी गरम होऊ दे." "गरम कर की. पाच मिनिटं. पण मग थेट अकरावं. उद्या दहावं आणि अकरावं. परवा नववं, दहावं आणि अकरावं. म्हणजे हाक आली तर आधीची सोपी राहतील, शेवटची नाही राहणार." राव म्हणाले, "आणि ही युक्ती तुला कोणी शिकवली?" बाई म्हणाल्या, "कोणी नाही. रागाने सुचली."

त्या दिवसापासोन खंडूदादांच्या सायकलीस कठीण दिवस आले. मोळी दुप्पट जाहली. राव घामाने भिजत आणि अंगातोन वाफ निघे. बैलगाडीवाले शेकोटीपाशी बसोन पैजा लावीत की आज सायेब पडतो की सायकल पडते. पहिल्या आठवड्यात दोन्ही पडली. तिसऱ्या आठवड्यात एकही पडेना. इकडे बाईही टाकीच्या चढावर मधोन निघोन वरचा खडा तुकडाच आधी तीन वेळा चढत, आणि मग शाळेत जात.

मग सप्तमीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, नेमका खंडूदादांच्या कारखान्याचा मोठा काटा रुसला आणि राव दोन जिल्हे पलीकडे. दुपार झाली तरी काट्याचे दुखणे सापडेना. खंडूदादा येऊन म्हणाले, "सायेब, गाडी साडेतीनला हाय. पोरगी वाट बघत आसंल." राव म्हणाले, "दादा, काटा असा टाकून कसा जाऊ? शंभर गाड्या उभ्या आहेत." आणि ते पुनः काट्याखालच्या खड्ड्यात उतरले, आणि पाहतात तो तुळईखाली उसाचे एक कांडे अडकलेले. ते काढिले, काटा मोकळा झाला, राव हात न धुताच एस.टी.कडे धावले आणि रात्री जेवणवेळेस घरी पोचले. बाईंनी दार उघडले, त्यांचे ग्रीसने माखलेले हात पाहिले आणि म्हटले, "आधी जेव, आणि मग झोप. गप्पा नाहीत."

रविवारी सूर्य उगवला तेव्हा घाटात धुके दाट होते आणि तेवीस जोड्या निघाल्या. पहिली सहा वळणे वाटेत फार काही लिहिण्यासारखे न घडता सरली. सातव्याशी आप्पा गोंदकरांनी टेम्पो बाजूस आणिला आणि काचेतोन डोके काढोन म्हणाले, "निरंजनराव, दार उघडंच ठेवलंय हो!" रावांनी त्यांकडे पाहिले नाही. आठवे गेले. नवव्यास रावांच्या मांडीत गोळा आला, त्यांनी दात आवळले आणि पाय चालते ठेविले. परंतु दहाव्याशी शाल्मलीबाईंचे पुढले चाक डावी-उजवीकडे डगमगो लागले. दहाव्याचा चढ टाकीच्या चढाहोन तिप्पट लांब, आणि पाय नऊ वर्षांचे. राव म्हणाले, "शाल्मली, टेकवायचा असेल तर टेकव पाय. मी खरंच रागावणार नाही." बाई धापा टाकीत बोलल्या, "बाबा, बोलू नकोस ना! दम लागतो." आणि मग चार पॅडलांनंतर, "पुढचं मला पाठ आहे." चाक इतके मंद की धुक्याहोन मंद. सायकल पडेल की पुढे जाईल ते सांगता न ये. राव त्यांच्यापेक्षा पुढे गेले नाहीत आणि मागेही राहिले नाहीत. आणि मग अकरावे वळण आले, आणि खडे होते, आणि दोघे उभे राहोन पॅडल मारिते झाले, आणि धुके अचानक खाली राहिले आणि वर लख्ख ऊन पडले होते. खिंड आली. मागोन आप्पांनी भोंगा वाजविला आणि ओरडले, "आता दार लावून घेतो!"

एवंच, हेमंत कडक पडला, चाकरीने मुलूख फिरविला, आणि राज्यातील दोन माणसांनी शेवटाकडोन आरंभ करोन घाट घेतला. तेवीस जोड्यांत त्यांचा क्रमांक एकोणिसावा. निरंजनरावांनी खिंडीत हुश्श करोन उजवा पाय भुईस टेकविला, जो अकरा वळणे टेकला नव्हता, आणि पाण्याची बाटली काढिली. आणि शाल्मलीबाई काय करत्या झाल्या? त्यांनी खिंडीपलीकडे पाहिले. तिकडे रस्ता उन्हात वळणे घेत कोठल्याशा खोऱ्यात उतरत होता. त्यांनी पुसले, "बाबा, हा कुठे जातो?" राव बाटलीचे झाकण फिरवीत म्हणाले, "कोण जाणे. मागच्या वर्षी टेम्पोतून मी कुठे बाहेर पाहिलं?" तेव्हा बाईंनी ब्रेकावर दोन्ही हातांची बोटे नीट ठेविली, पाय पॅडलवर घेतला आणि सायकल उतारास लाविली.