व्हर्लीनबाईंनी सोळावे ठाणे ओलांडल्याची हकीकत

आधी आकाशाच्या धन्यास मुजरा. मग ज्या अलाबामा सुभ्याच्या ताटात त्याने ऊन अंमळ सढळ हाताने वाढले, त्या सुभ्यास मुजरा. सुभ्याच्या उत्तरेस डोंगर, दक्षिणेस आखाताची पांढरी वाळू, आणि मध्ये तांबड्या मातीवर गोल्फची मैदाने इतकी, की गाईस चरावयाचे तर पाहुण्यांची रजा घ्यावी लागे. परमुलखीचे लोक गाड्या भरभरून येत आणि मैदानांत चेंडू हरवीत, मग तळ्यांवर मासे धरीत, मग पाण्याच्या घसरगुंड्यांवर पोरे सोडीत, आणि जाता जाता हमरस्त्यावरच्या पत्र्याच्या अजस्र भुईमुगाच्या शेंगेपाशी उभे राहून तसबिरी काढवीत. मोठ्या मैदानांची कीर्ती मोठी. परंतु कूसा बेंड मुक्कामी एक लहानसे मैदान आहे, जेथे हिरवळ जागोजाग करपलेली आणि तळ्यात कासवांचा अंमल. तेथे ऑगस्टातल्या एका शनिवारी जे रण माजले, त्याचा मजकूर येणेप्रमाणे.

मैदानास अठरा ठाणी. दर ठाण्यास एक खळगा आणि खळग्यात निशाण. काठीने चेंडू मारीत अठराही खळगे घ्यावे, आणि टोले जितके थोडे तितकी कीर्ती थोर, ऐसा दंडक. सौभाग्यवती व्हर्लीनबाई टिडमोर, पोस्टाच्या चाकरीतून मोकळ्या झालेल्या, पाठ ताठ आणि जीभ त्याहून ताठ, यांनी तीस वर्षे ही मोहीम चालविली, आणि तीस वर्षांत शंभर टोल्यांच्या आत अठरा ठाणी कधी हाती आली नाहीत. एकशे दोन जाहले, एकशे एक जाहले, आणि एकदा नेमके शंभर जाहले, तेव्हा बाईंनी आठवडाभर घरात कोणास शंभर हा शब्द उच्चारू दिला नाही.

त्या शनिवारी मात्र ग्रह बाईंचे चाकर होऊन राहिले. चेंडू झाडावर आपटला तो वाटेवरच आला, आणि तळ्याकडे निघाला तो कासवाच्या पाठीवर आदळून काठावर परतला. ऐशी पंधरा ठाणी घेतली आणि तीन उरली, आणि हाती टोले सतरा. सतरात तिन्ही घेतली तर नव्याण्णव. मग बाईंनी बोलणेच बंद केले. कारण या खेळात हिशेब तोंडावाटे बाहेर पडला की दृष्ट लागते, हे बादशहापासून बारगिरापर्यंत सर्वांस ठाऊक.

बाईंच्या सोबत गंगाभागीरथी जुनेलबाई हॅम्ब्रिक होत्या. दोन यजमानांस निरोप देऊन तिसऱ्याच्या शोधात, केस डाळिंबासारखे लाल. मैदानात फिरावयाची छोटी गाडी हाकणे आणि बोलणे या दोन्ही खात्यांचा कारभार त्यांजकडे.

इतक्यात पश्चिमेस ढग चढला. हा ढग ऑगस्टात रोज दुपारी हजेरीस येतो, आणि वीज पडण्याआधी मैदानाचा भोंगा वाजतो, आणि भोंगा वाजला की हातची काठी खाली ठेवून सर्वांनी माघारी फिरावे, आणि जी मोहीम अर्धी राहिली ती रद्द समजावी. वेळ थोडा होता, आणि पुढे सोळाव्या ठाण्याच्या मधोमध, वाट अडवून, पीकनच्या झाडाखाली चौघांची फौज तळ देऊन बसली होती.

त्या फौजेचे सरदार हॉलिस टिडमोर. तेच व्हर्लीनबाईंचे यजमान.

मागून कोणी जलद चालीने आला तर पुढच्यांनी बाजूस होऊन त्यास वाट द्यावी, ही या खेळाची जुनी रीत. परंतु सरदार हॉलिस यांच्या तीर्थरूपांनी कोणास वाट दिली नाही, आणि स्वतः सरदारांनीही तीस वर्षांत दिली नाही. न्हाव्याच्या दुकानात दर मंगळवारी त्यांची आण असे, की टिडमोरास मागे टाकून जाणारा अजून आईच्या पोटात आहे. हा मान सरदारांस जमिनीहून प्यारा. त्यांजपाशी बॅप्टिस्ट चर्चचे सेवेकरी, डीकन पर्व्हिस होते, जे प्रार्थनेस उभे राहिले म्हणजे घरोघरचा रस्सा पुन्हा गरम करावा लागे. बाकीचे दोघे असामी सरदार म्हणतील त्यास मान हलविण्याच्या कामावर होते. चौघे मिळून, पुढचा टोला कोणत्या काठीने मारावा, याची मसलत करीत होते.

जुनेलबाई वकिलीस गेल्या आणि गाडी थेट झाडाखाली नेऊन उभी केली.

"हॉलिस टिडमोर, दोन बायका उन्हात वाळत घातल्यात तुम्ही. वाट द्या."

सरदारांनी टोपीस हात लावला. "जुनेलबाई, तुम्हाला मी नाही कसं म्हणेन? माझी आई वरून बघते आहे."

"मग सरका."

"सरकणारच. डीकनची काठी ठरली की लगेच."

"डीकनची काठी मागच्या ईस्टरपासून ठरतेय!"

"देवाच्या कामात घाई नको, बाई," डीकन म्हणाले.

"हे देवाचं काम नाही, डीकन. हा चेंडू आहे. तो तुमच्या बुटापाशी पडलाय आणि तुम्ही मघापासून तळ्याकडे बघताय."

"आम्ही वाट देत नाही असं नाही," सरदार म्हणाले. "अजून दिलेली नाही, एवढंच."

"देव तुमचं भलं करो, हॉलिस," जुनेलबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या मुलखात बायका उपसलेल्या तलवारीसारखे वापरतात, आणि चौघांनीही माना खाली घातल्या, पण जागचे हलले नाहीत.

वकील हात हलवीत परत आला. ढग आणखी चढला, आणि पाइनच्या शेंड्यांवर वारा बोलू लागला. जुनेलबाईंनी सांगितले, की तो तुझाच माणूस, तूच जाऊन त्यास सांग, की आज तुझे इतके इतके होताहेत. तो व्हर्लीनबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मग गाडीच्या मागे ठेवलेल्या बर्फाच्या पेटीकडे बोट दाखविले. पेटीत मसाला भरलेली अंडी होती, चर्चच्या संध्याकाळच्या जेवणाकरिता केलेली. बाईंनी पेटी दाखविली, मग दूर झाडाखालचे डीकन दाखविले, मग दोन्ही हात जोडून डोळे मिटले.

जुनेलबाईंच्या ध्यानी मसलत आली.

"व्हर्लीन, तू नरकात जाशील," त्या म्हणाल्या. "थांब, गाडी मी हाकते."

येणेप्रमाणे दुसरी चाल रसदेची जाहली. बाईंनी अंड्यांचे ताट झाडाखाली नेऊन मांडले आणि जुनेलबाईंनी निवेदन केले, की वाट नाही तर नाही, पण भुकेल्या माणसांवर राग धरणे आमच्या आयांनी आम्हांस शिकविले नाही. दोघा असामींचे हात ताटाकडे गेले. तो डीकनांनी नुसते खाकरले, आणि हात जागीच गोठले. कारण कूसा बेंडच्या इतिहासात प्रार्थनेवाचून घास उचलणारा असामी झाला नाही, आणि प्रार्थना चालू असता, आमेन होईतो, डोळा उघडणारा त्याहून झाला नाही.

सरदारांनी ताटाकडे पाहिले. मग बायकोकडे पाहिले. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई इतका वेळ गप्प राहिल्याचे त्यांस स्मरेना. आणि तिच्या उजव्या हाताची बोटे घागऱ्याआड, मोजणी केल्यागत, एकेक करून मिटत आणि उघडत होती, ते त्यांनी पाहिले.

सरदारांनी टोपी काढून छातीशी धरली.

"डीकन," ते म्हणाले, "तुम्हीच सांगा प्रार्थना."

मग उरलेल्या तीन टोप्या उतरल्या आणि चार माना लवल्या आणि आठ डोळे मिटले. डीकनांनी अन्नाबद्दल आभार मानिले, मग अंडी करणाऱ्या हातांबद्दल, मग कोंबड्यांबद्दल, मग पावसाबद्दल, मग आजारी मंडळींची नावे आळीवार घेतली, आणि मग विद्यापीठाच्या फुटबॉल फौजेस येत्या मोसमात यश मागितले. इकडे दोन्ही बाया पाय न वाजविता आपल्या चेंडूंपाशी परतल्या. टक, ऐसा आवाज जाहला, आणि जुनेलबाईंचा चेंडू झाडावरून पार गेला. एका असामीच्या पापण्या थरथरल्या, पण उघडल्या नाहीत. पुन्हा टक जाहले, आणि व्हर्लीनबाईंचा चेंडू उठला, वाऱ्याने धरला, आणि झाडाच्या पुढे दहा पावलांवर वाळूच्या खड्ड्यात पडला.

याच समयी मागून ओहायो मुलखीचे चौघे पाहुणे येऊन पोहोचले. मोठ्या मैदानांवर जागा मिळाली नाही म्हणून ते येथे उतरले होते. त्यांनी पाहिले, की झाडाखाली चार वृद्ध बोडके उभे आहेत, आणि एक हुंदक्यासारखा आवाज काढीत आहे. त्यांस वाटले, कोणी गेले. त्यांनीही टोप्या काढल्या आणि लांबच उभे राहिले.

बाई खड्ड्यात उतरल्या आणि काठी मारली. वाळू उडाली आणि डीकनांच्या विजारीवर बसली. चेंडू होता तेथेच. आणि डीकनांची प्रार्थना आता उताराला लागली होती, "आणि हे सर्व आम्ही" इथवर आली होती, आणि पुढे दोन शब्दांवर आमेन उभे होते. आमेन जाहले तर आठ डोळे उघडणार, आणि वाट पुन्हा बंद.

तो सरदार हॉलिस यांनी, डोळे मिटलेलेच ठेवून, घोगऱ्या आवाजात म्हटले:

"डीकन, माझ्या मेव्हण्याचा गुडघा राहिला. रॉय डीनचा. फार दुखतो बिचाऱ्याचा."

डीकनांनी श्वास भरून घेतला आणि रॉय डीनच्या गुडघ्यापासून नव्याने प्रारंभ केला.

दुसऱ्या टोल्यास चेंडू वाळूतून सुटला. मग तो हिरवळीवर गेला आणि मग खळग्यात गेला. आमेन जाहले तेव्हा दोन्ही बाया निशाण जागी ठेवून सतराव्या ठाण्याकडे कूच करीत्या जाहल्या होत्या. सरदारांनी डोळे उघडले आणि टोपी जमिनीवर आपटली. "दगा!" ते गरजले. "प्रार्थना चालू असताना दगा!"

"अंडं छान झालंय पण," डीकन म्हणाले.

सतरावे ठाणे पडले. अठरावे उरले तेव्हा हाती टोले पाच, आणि आकाश वांग्याच्या रंगाचे. चार टोले गेले. मग शेवटचा चेंडू खळग्यापासून हातभर अंतरावर, उतारावर. बाईंनी काठी धरली. काठी चेंडूस लागली आणि चेंडू निघाला, आणि तो वाटेत असता भोंगा वाजला. जुनेलबाई ओरडल्या, "आधी निघाला! भोंगा नंतर!" आणि भोंगा वाजत राहिला, आणि चेंडू काठावर क्षणभर रेंगाळला, आणि आत पडला.

मग धो धो पाऊस आला. व्हर्लीनबाईंनी त्या पावसात उभे राहून प्रथमच तोंड उघडले आणि "नव्याण्णव" म्हटले, आणि मग गाडीत बसेपर्यंत तेच म्हणत राहिल्या.

छपराखाली ओहायोच्या पाहुण्यांपैकी वडीलधारा सरदारांपाशी आला आणि त्यांचा हात हातात घेतला.

"फार वाईट झालं. जवळचं कोणी?"

"तीस वर्षं जपलं होतं," सरदार म्हणाले.

रात्रीस चर्चच्या जेवणास तळलेला मासा, वालाची उसळ आणि मक्याची भाकर होती. व्हर्लीनबाईंनी यजमानांस वाढले, आणि समोर बसल्या.

"हॉलिस."

"काय?"

"रॉय डीनचा गुडघा गेल्या वर्षीच बरा झाला. परवा तो शिडीवर चढून छपराची पन्हळ साफ करत होता."

सरदारांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि वाडग्यात बुडविला.

"मग लागू पडली म्हणायची प्रार्थना," ते म्हणाले. "मीठ दे इकडे."

बाईंनी मीठ दिले.

ऐशा रीतीने सोळावे ठाणे सर जाहले, आणि नव्याण्णवाचा डंका कूसा बेंडात वाजला. ठाणे अंड्यांनी घेतले, ऐसे जुनेलबाई सांगतात. दग्याने घेतले, ऐसे सरदार न्हाव्याच्या दुकानात दर मंगळवारी सांगतात. किल्ले बहुधा आतून उघडतात, हे जाणत्यांस सांगणे नलगे. मजकूर समाप्त.