आला नाहीत तर मी रुसेन

फाट्यावर फ्लेक्स चढत होता तेव्हा हवालदार नाथाजी विट्याच्या एसटीची वाट बघत उभे होते. त्यांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

मधोमध मळाईदेवीचा मोठा फोटो. शेजारी ठळक अक्षरांत, 'लेकरांनो, माझे डोळे तुमच्या वाटेला लागलेत. यंदा तरी जत्रेला या. आला नाहीत तर मी रुसेन. तुमची मळाई.' खाली जत्रा कमिटीचे अकरा फोटो. त्यातला मिशीवाला, इतरांच्या दुप्पट आकाराचा, अध्यक्षांचा. म्हणजे खुद्द नाथाजींचाच.

"लालासाहेब, हे देवी कवा म्हनली?"

कमिटीचा सेक्रेटरी लालासाहेब शिडीवरून हसला. "आवं हवालदार, जाहिरात हाय ती. निम्मं गाव सोनं गाळायला, गलाईच्या धंद्यात परमुलखात. गेल्या साली पालखीला खांदं मिळालं न्हाईत, पिकअपमधनं फिरवली देवी. कमिटीनं बोलावलं तर कोन येतंय? आईनं बोलावल्यावर येत्यात."

"मी फौजंत बावीस वर्सं सिग्नलमधी काढली, संदेश धाडन्यात. धाडणाऱ्याचं नाव खोटं असलं, तर संदेश फुडं जात न्हाई."

"ह्यो तर गेलासुदा," लालासाहेबाने मोबाईल दाखवला. "सतरा ग्रुपवर!"

नाथाजींनी चष्मा काढून खिशात घातला. त्यांचा मुलगा जयराजही गलाईला, कोइमतूरला होता. चार वर्षांपूर्वी लष्करभरतीची धाव पास होऊन तो ऐनवेळी सोन्याच्या भट्टीकडे वळला, तेव्हा नाथाजी म्हणाले होते, "जा. मी काय बोलवायला येनार न्हाई." पोरगं बापावरच गेलेलं. बोलावल्याशिवाय ते आलं नाही. आई मनुबाईला रोज फोन करी. तेवढा वेळ नाथाजी ओसरीवर रेडिओ बारीक करून बसत, आणि फोन संपला की पुन्हा मोठा करत.

दोन दिवसांत देवीला कंठ फुटला. साईराज साडी सेंटरचा फ्लेक्स लागला, 'माझी ओटी साईराजच्याच साडीने भरा. मळाई.' त्याखाली रसवंतीवाल्याने देवीला उसाचा रस पाजला. तिसऱ्या दिवशी लालासाहेबाच्या विरोधी पार्टीने फलक ठोकला, 'सध्याच्या कमिटीवर माझा विश्वास नाही. मळाई.' संध्याकाळी त्याच खांबावर लालासाहेबाचं उत्तर आलं, 'माझा आहे. मळाई.'

म्हाताऱ्या हरणाबाई काठी टेकत नाथाजींच्या दारात आल्या. "आरं, आई नक्की कुनावर रुसलीया? मी कुठली साडी न्हेऊ? माज्याकडं विट्याची हाय, साईराजची न्हाई."

नाथाजींनी तडक देऊळ गाठलं आणि कमिटी बोलावली. "लय झालं. देवीचं म्हननं देवीलाच इचारा. कौल लावा."

यावर कुणाला नाही म्हणता येईना. गावाची रीतच तशी होती. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. नाथाजींनी पंखा बंद करायला लावला, दोन्ही पाकळ्या एकाच फुलाच्या आणि सारख्या आकाराच्या आहेत हे पाहिलं आणि घड्याळ काढलं. गुंडा गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "आई, ही बोर्डावरची बोलनी तुजी असली तर उजवी दे, नसली तर डावी."

सव्वीस मिनिटं गाव घामाने निथळत उभं राहिलं. मग डावी पाकळी अलगद सुटली.

"संपलं," नाथाजी म्हणाले. "देवीचं नाव आन फोटू आजच्या आज उतरवा."

ते समाधानाने घरी येऊन दुपारचे झोपले. पण जत्रा तीन दिवसांवर होती आणि विट्यातली सगळी छपाईची दुकानं कुणाच्या तरी वाढदिवसात अडकलेली. नवा फ्लेक्स मिळेना. लालासाहेब आज्ञाधारक माणूस. त्याने बाकीच्यांचे फलक उतरवले आणि आपल्या फ्लेक्सवरचं देवीचं नाव आणि फोटो ब्लेडने अगदी नीट कापून देवळात नेऊन ठेवले. उरलेल्याचा फोटो काढला आणि सतरा ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी सांगलीहून रामगोंडांचा फोन आला. ते हळदीचे व्यापारी, नाथाजींचे जुने स्नेही. "काय हो हवालदार, स्वतःच्या लग्नात रुसला नाही, आन आता?"

"कोन रुसलंय?"

"तुमचा बोर्ड सगळ्या पेठेत दाखवला की मी!"

नाथाजी फाट्यावर गेले. चौकोनी भोकातून मागचा ऊस डुलत होता. शेजारी मजकूर तसाच, 'लेकरांनो, माझे डोळे तुमच्या वाटेला लागलेत...' आणि खाली, कुणाचीही नजर आधी जावी अशी, त्यांची मिशी.

गावात शिडी एकच. ती मांडवाच्या दिव्यांसाठी गेलेली. तीन दिवस नाथाजी शिडीमागे आणि गाव नाथाजींमागे. "रुसू नगा, आलो बगा!" असं म्हणत कलकत्त्याहून आलेले दोघे गलाईवाले पाया पडून गेले.

घरी मनुबाई भाकरी थापत म्हणाली, "डोळं वाटंला लागल्यात म्हनं."

"ते देवीचं वाक्य हाय."

"देवीनं तर डावी दिली. मग ऱ्हायलं कुनाचं?"

नाथाजींनी रेडिओ मोठा केला.

जत्रेच्या दिवशी सकाळी शिडी मिळाली. नाथाजी कटर घेऊन वर चढले, डाव्या हाताने फोटोतला स्वतःचा कान धरला आणि पातं टेकवलं. एवढ्यात मागे एसटी थांबली.

"आन्ना!"

जयराज होता. हातात बॅग, डोळे जागरणाने लाल. शिडीखाली येऊन तो वर बघत राहिला. "फोटू आला तसा निगालो. उभ्यानं आलोय गाडीत." मग आवाज उतरला. "खरं सांगा पर. हे तुमीच म्हनला का लालासाहेबानं घातलं?"

शिडी धरून उभा असलेला लालासाहेब आपल्या चपलांकडे बघू लागला. नाथाजींनी मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. बावीस वर्षांत त्यांनी एकही संदेश न तपासता पुढे धाडला नव्हता.

"खाली फोटू कुनाचा हाय?" ते म्हणाले.

"तुमचा."

"मग?"

जयराजने नाक पुसलं. "मग कटर कशाला घेतलाय हातात?"

नाथाजींनी पातं शेजारच्या फोटोकडे सरकवलं. "ह्या लालासाहेबाचा काढतोय. लय मधी मधी येतोय."

आणि एकदा शब्द गेला म्हणून, खोटं पडायला नको म्हणून, त्यांनी तो खरंच कापून काढला, चारी बाजूंनी सरळ, आणि खाली उतरून लालासाहेबाच्या हातात दिला.