साठ मेंढ्या आणि एक सरासरी

माझ्या बागेत गडबड होणं शक्यच नव्हतं. कारण मी सगळं मोजलं होतं!

वाफ्यांची लांबी-रुंदी, दोन रोपांमधलं अंतर, कोबीला रोज लागणारं पाणी, पहाटेचं तापमान, सगळं. सांगलीहून बी.एस्सी. होऊन साताऱ्याला परतलेल्या माणसाने बाग करायची ती अशीच. थंडीचे दिवस म्हणजे बागेत कामांची रांग असते. मटाराला काटक्यांचा आधार द्यायचा, गाजरं विरळायची, कोबीला मातीची भर द्यायची, रिकामे वाफे खणून उन्हात तापवायचे. मी एकेक काम करून त्यापुढे वहीत खूण करत होतो. आई म्हणे, "अरे, पालकाच्या जुड्या बांध आधी, खुणा मागाहून कर!"

पण वाचकहो, ही नुसती हौस नव्हती. माझं सगळं आयुष्य त्या चार गुंठ्यांत अडकलं होतं. मला पुण्याला शेतकी कॉलेजात पुढे शिकायचं होतं. तात्या, म्हणजे माझे वडील, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. लढाईमुळे नवीन शिधावाटप कचेरी निघाली होती आणि तिथल्या साहेबांकडे त्यांनी माझ्यासाठी शब्दही टाकला होता. बऱ्याच वादानंतर त्यांनी अट घातली, "संक्रांतीपर्यंत घरात बाजारची भाजी यायची नाही. भोगीची भाजी आपल्या बागेतली झाली, तर पुण्याला जा. एक शेंग जरी विकत आणावी लागली, तर सतरा तारखेला कचेरीत हजर व्हायचं."

भोगीला पाच दिवस उरले होते. पावटा, हरभरा, मटार, गाजर, वांगी, सगळं तयार. मी जवळजवळ पुण्याला पोचलोच होतो!

तेवढ्यात रस्त्याने मेंढरं आली.

वडूजकडचा बिराप्पा आणि त्याची बायको हरणाबाई दरसाल थंडीत कळप घेऊन आमच्या बाजूला उतरतात. शेतकरी त्यांना रिकाम्या रानात मेंढ्या बसवायला सांगतात. मेंढ्या रात्रभर बसतात, रान खतावतं, धनगराला शिधा मिळतो. माझे दोन गुंठे रिकामेच होते.

"बिराप्पा, एका रात्रीत एक मेंढी किती लेंड्या टाकते?" मी वही उघडून विचारलं.

त्याने माझ्याकडे, मग वहीकडे, मग मेंढीकडे पाहिलं. "आता तिलाच इचारा, मालक!"

"अंदाजे?"

"आवं, मेंढरू बसलं की खत झालं. लेंड्या कोन मोजतंय?"

"मी मोजणार आहे."

हरणाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "शिकल्यालं हाय गं बाई लय!"

संध्याकाळी त्यांनी रिकाम्या वाफ्यांवर वाघर लावली. वाघर म्हणजे खुंट्यांवर उभं करायचं सुताचं जाळं. आत साठ मेंढ्या, बाहेर माझी भाजी. मी हिशोब केला. साठ मेंढ्या, दोन गुंठे, दर चौरस फुटाला अमुक इतकं खत. आकडा इतका सुंदर आला की मी त्याखाली दोन रेघा ओढल्या.

उजाडता उजाडता पाहायला गेलो आणि धक्काच बसला. किल्ल्यावरून बोचरा वारा सुटलेला. साठच्या साठ मेंढ्या भिंतीकडच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून एखाद्या मोठ्या घोंगडीसारख्या बसलेल्या! सगळं खत त्या कोपऱ्यात. बाकीची जमीन धुतल्या पाटासारखी स्वच्छ. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सरासरी कागदावर राहते आणि मेंढ्या कोपऱ्यात.

बिराप्पा ओढ्याला गेला होता. हरणाबाई तीन दगडांवर भाकरी भाजत होती.

"हरणाबाई, हे समान पसरलेलं नाही!"

"थंडी हाय न्हवं! आज हितं बसली, उद्या वाघर तिकडं सरकवू. दोन राती लागत्यात."

दोन राती! मला चैन पडेना. एका बाजूच्या दोन खुंट्या उपटून जाळं थोडं ओढलं, तर मेंढ्या आपोआप पसरतील, असं मला वाटलं. मी गाठ सोडली.

"आवं मालक, गाठ सोडू नगा! पुढली निगाली की समदी निगत्यात!"

पुढली निघाली होती. तिच्यामागे दुसरी, तिसरी, आणि मग धरण फुटावं तशी उरलेली सगळी! समोर मटार.

आता मी काय करायला हवं होतं, हे लहान पोरालाही कळेल. पण वाचकहो, मेंढ्यांपुढे इतक्या भाज्या एकाच वेळी मांडल्यावर त्या आधी काय निवडतात, हे पाहायची संधी पुन्हा कधी मिळणार? माझा हात खिशातल्या वहीकडे गेला.

"हाकला की!" हरणाबाई काठी घेऊन धावत ओरडली. "लिवताय काय?"

तात्या घंगाळ्यावरून तसेच ओल्या पंच्यात आले. आई लाटणं घेऊन आली. बिराप्पा ओढ्यावरून पळत आला. मेंढ्या आवरल्या तेव्हा बागेत उरली होती ती वांगी आणि जमिनीत दडलेली गाजरं.

बिराप्पा मान खाली घालून म्हणाला, "तात्या, अजून एक रात बसवतो. शिदा नगं."

"नको रे बाबा!" तात्या म्हणाले. "आता त्यांना खायला माझं धोतरच उरलंय!"

भोगीला आईने बाजारातून पावटा, हरभरा आणि मटार आणला. जेवून हात धुतल्यावर तात्या म्हणाले, "ती वही आण."

चष्मा लावून त्यांनी कचेरीचं टिपण वाचावं तसं वाचलं. "'मिनिट पहिले: मटार. मिनिट तिसरे: कोबी, बाहेरची पाने आधी. मिनिट पाचवे: पावटा, हरभरा. वांगी हुंगली, खाल्ली नाहीत.'" ते थांबले. "हाकलायला कितव्या मिनिटाला लागलास?"

"ती नोंद… राहिली, तात्या."

तात्यांनी चष्मा काढून वही मिटली.

"कचेरीला आग लागली, तर तू पाणी नाही आणणार. कोणतं दप्तर आधी पेटलं ते लिहीत बसशील! साहेबांनी माझ्या शब्दाखातर जागा ठेवली आहे. त्यांच्याशी मला वैर करायचं नाही. पुण्याला जा."

मी जिंकलो की हरलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. अर्ज तात्यांनीच भरला, आपल्या वळणदार अक्षरात. 'शेतीचा पूर्वानुभव' या रकान्यापाशी मी घुटमळलो, तर म्हणाले, "खोटं लिहायची मला सवय नाही."

आणि त्यांनी लिहिलं: 'एका सकाळी साठ मेंढ्या पोटभर जेवू घातल्या.'