केरबामामाची टिचकी

एका जंगलात एक अस्वल होतं आणि त्या अस्वलाकडे ग्रामोफोन होता. आता जंगलात ग्रामोफोनला वीज कुठून आली, असं विचारू नका, मुलांनो. तुमच्या घरात वीज कुठून येते, ते तरी तुम्हाला कुठे ठाऊक आहे?

अस्वलाचं नाव वामनतात्या. बाकीची अस्वलं मध गोळा करायची, तात्या तबकड्या गोळा करायचे. काळ्या, गोल, बरोबर दोनशे. गुहेत पाय ठेवायला जागा नव्हती. तात्यांची बायको गोदाक्का सांगायची, "आमच्या घरात मध नाही. मधावरची गाणी मात्र सतरा आहेत."

या दोनशेंत एक तबकडी सगळ्या जंगलाची लाडकी होती. साळुंकीबाई करवंदीकर यांचं लग्नाचं गाणं. 'काडी आणू, दाणा आणू, घरटं बांधू गं.' गाणं गोड होतं, पण तबकडीवर एक चरा होता. सुई तिथे आली की अडकायची. मग साळुंकीबाई 'दाणा आणू, दाणा आणू, दाणा आणू' असं म्हणत बसायच्या. सुईच्या दांडीला कोणीतरी टिचकी मारली, की गाणं पुढे सरकायचं.

पहिल्यांदा ती अडकली एका सशाच्या लग्नात. जवळ उभा होता नवरीचा मामा. त्याने टिचकी मारली. गाणं पुढे गेलं, आणि त्या जोडप्याला वर्षात चौदा पिल्लं झाली. सशाला चौदा पिल्लं होण्यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. जंगलात कोणी तसं म्हणालं नाही. पुढच्या लग्नातही मामालाच बोलावलं, त्याच्या पुढच्या लग्नातही. बघता बघता रूढी पडली. आधी मंगलाष्टका, मग अक्षता, मग गाणं. गाणं अडकायचं, मुलीच्या मामाने टिचकी मारायची, भटजींनी 'लग्न लागलं' म्हणायचं आणि मगच पानं वाढायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण एका लग्नाला डोंगरापलीकडची वऱ्हाडी मंडळी आली. गाण्यातली खरखर ऐकून त्यातला एक कोल्हा म्हणाला, "आत कोणी पापड भाजतंय का?" सगळी मंडळी पोट धरून हसली. तात्यांच्या मनाला ते फार लागलं. त्यांनी तिथेच शपथ घेतली, की माझ्या मालतीच्या लग्नात खरखरीचा एक कणसुद्धा ऐकू येणार नाही.

मालती ही तात्यांची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न महिन्यावर आलं होतं.

तात्यांचा एक भाचा शहरातल्या प्राणिसंग्रहालयात नोकरीला होता. त्याने तिथला एक जुना संगणक पाठवला. सोबत चिठ्ठी होती : 'मामा, ग्रामोफोनची तार यात खुपसा. गाणं आत जाईल. आत गेल्यावर धुऊन घ्या आणि सीडीवर उतरवा.'

तात्या कामाला लागले. एकेक करत सगळ्याच तबकड्या आत घ्यायच्या होत्या. तीन मिनिटांचं गाणं आत जायला तीनच मिनिटं लागत होती, घाई करून उपयोग नव्हता. तेवढा वेळ तात्या कोणाला श्वास घेऊ द्यायचे नाहीत.

"अहो, गाणं तारेतून जातंय," गोदाक्का म्हणाली. "मी शिंकले तर तारेला काय कळणार?"

"तरी पण," तात्या म्हणाले.

पडद्यावर गाण्याचं चित्र उमटायचं. खरखर म्हणजे खालचं बारीक गवत, आणि ओरखडा म्हणजे उभा काटा. तात्या एकेक काटा उपटायचे. अस्वलाच्या एका बोटाखाली तीन कळा दबतात, त्यामुळे एक काटा निघाला की दोन शब्दही जायचे. मग सगळं पहिल्यापासून. साळुंकीबाईंच्या एका गाण्यात चारशे बारा काटे निघाले. शेवटी राहिला तो चरा. गाणं आत घेताना तात्यांनी स्वतःच हळूच टिचकी मारली होती. आता त्यांनी अडकलेले सगळे 'दाणा आणू' कापले आणि एकच ठेवला.

"अहो, ती अडकते तिथे अडकू दे की," गोदाक्का म्हणाली.

"घरचं कार्य आहे. घरच्या कार्यात अडकून कसं चालेल?"

तात्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि घोटाळा नेहमी तिथूनच सुरू होतो.

लग्नाच्या दिवशी गुहेसमोर चिखल झाला होता. वरपक्षाचे पाय भरू नयेत म्हणून तात्यांनी दोनशेच्या दोनशे तबकड्या चिखलावर मांडल्या. गाणी सीडीवर सुरक्षित होती, मग तबकड्या हव्यात कशाला? त्यावरून वरात आली. वरातीत हत्ती होता. कडाकड आवाज झाला, आणि त्या आवाजालाच फटाके समजून वऱ्हाडी खूश झाले.

मुलीचा मामा, म्हणजे गोदाक्काचा भाऊ केरबा, तीन दिवस चालून आला होता. मालती त्याची एकुलती एक भाची. टिचकी वाया जाऊ नये म्हणून त्याने महिनाभर त्या बोटाने अंगसुद्धा खाजवलं नव्हतं. बोटाला हळद लावून तो खडकावर मांडलेल्या संगणकाशेजारी उभा राहिला.

मंगलाष्टका झाल्या. अक्षता पडल्या. तात्यांनी सीडी लावली. काय सांगू मुलांनो, साळुंकीबाई जणू समोर बसून गात होत्या. खरखर नाही, ओरखडा नाही. 'काडी आणू, दाणा आणू, घरटं बांधू गं.' गाणं झालं, संपलं.

मांडवात कोणी हललं नाही. केरबामामाचं बोट वरच होतं.

"दाजी," तो म्हणाला, "अडकलं न्हाई."

"आता ते कधीच अडकणार नाही!" तात्या अभिमानाने म्हणाले. "दुरुस्त केलंय मी."

"आन् म्या काय करू?"

तात्यांनी त्याच्या बोटाकडे पाहिलं. महिनाभर ते काटे उपटत होते, पण या बोटाचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

बगळेभटजी खाकरले. "लग्न लागलं, असं काही मला म्हणता येत नाही."

"म्हणजे लागलं नाही?" वरपिता झुंबरराव कडाडले.

"लागलं नाही, असंही म्हणता येत नाही. अक्षता पडल्यात."

"मग मुलगी नेऊ की ठेवू?"

"न्यायला उचला," भटजी म्हणाले, "पण उंबऱ्यावर थांबा."

लग्न लागल्याशिवाय पानं वाढायची नव्हती. जिलब्या गार होऊ लागल्या. वाघ पाहुणा म्हणून आला होता. तो आता जिलब्यांकडून नजर काढून शेजारच्या हरणाकडे बघू लागला. झुंबररावांनी मुलाचा हात धरला आणि वरात माघारी वळवायची तयारी चालवली.

मालती बापाजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शांत होता. "बाबा, तुम्ही फार चांगलं केलंत. आता थोडं वाईट करता येईल का?"

तात्यांनी चिखलाकडे धाव घेतली. साळुंकीबाईंचे नऊ तुकडे झाले होते. ते परत संगणकाकडे आले. काटे काढायच्या कळा होत्या, काटे घालायची कळ कुठेच नव्हती. त्यांनी गाणं पुन्हा लावलं आणि मध्येच संगणकाची तार उपटली.

"हे बंद पडलं," केरबामामा म्हणाला. "बंद पडनं येगळं, अडकनं येगळं. मला फसवू नगा."

मग तात्यांनी सीडी बाहेर काढली. चकचकीत होती, त्यांना तिच्यात स्वतःचं तोंड दिसत होतं. महिनाभराची मेहनत होती ती. तात्यांना रडू आलं, अगदी खरं रडू आलं. त्यांनी नखी रोखली आणि सीडीवर ओढली.

पहिल्या ओरखड्याने काहीच झालं नाही. दुसऱ्याने संगणकाने सीडी बाहेर ढकलून दिली. तिसरा ओरखडा तात्यांनी डोळे मिटून ओढला. गाणं सुरू झालं. 'काडी आणू, दाणा आ, णा आ, णा आ, णा आ...'

"अडकलं!" मांडव दणाणला. झुंबररावांनी मुलाला परत पाटावर बसवलं.

केरबामामाने संगणकाच्या पडद्याला टिचकी मारली. 'णा आ, णा आ.' त्याने कळांना टिचकी मारली. खोक्याला मारली. 'णा आ, णा आ.' तीन दिवस चालून आलेला मामा तो. त्याने बोट मिटलं, पंजा उघडला आणि एक अशी ठेवून दिली, की संगणक खडकावरून घरंगळत खाली गेला, दोनदा आपटला आणि गप्प झाला.

"लागलं!" बगळेभटजी ओरडले. "लग्न लागलं! पानं वाढा!"

मालती रडता रडता हसली. तात्यांनी खाली पडलेला संगणक पाहिला, आणि त्यांना फार फार बरं वाटलं. गोदाक्काने त्यांना पहिली जिलबी स्वतः वाढली.

तर मुलांनो, तेव्हापासून त्या जंगलात मुलीचा मामा संगणक खडकावरून ढकलतो आणि लग्न लागतं. एका माकडाने लग्नाच्या संगणकांचं दुकान काढलंय. आत काही नसतं, पण पडताना आवाज मोठा होतो. 'काडी आणू, दाणा आणू' आता कोणाला येत नाही. त्याची गरजच उरलेली नाही. विधी मात्र अगदी पूर्वीसारखा, काटेकोर पाळला जातो, असं बगळेभटजी सांगतात.

तात्पर्य : कोणत्याही गोष्टीतला दोष काढण्यापूर्वी त्या दोषाला कोणी मामा आहे का, याची चौकशी करावी.